भीमथडीची तट्टं काय खायची? शिरूर-दौंडच्या माळावरच्या मारवेलची गोष्ट

पोस्ट मोठी आहे. पण गावोगावी गायरानाचा विषय पेटलाय आणि त्यात गवताबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. सवडीने वाचा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राजा बढे यांचं 'जय जय महाराष्ट्र माझा' हे आपलं अधिकृत राज्यगीत झालं. शाळेत, सरकारी कार्यक्रमात आपण ते उभं राहून म्हणतो. त्याच्या पहिल्याच कडव्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. म्हणजे आपणच. इंग्रजांच्या काळात दौंड-बारामती भागाच्या तालुक्याचं नावच भीमथडी होतं. आज ते नाव पुण्यातल्या भीमथडी जत्रेपुरतं उरलंय.

आता साधा प्रश्न. ही तट्टं खायची काय?

हरभऱ्याचा रतीब असायचा, पण तो मूठभर. घोड्याचं पोट भरतं ते गवताने. आणि ते गवत कुठून येत होतं? ज्याला आज आपण माळ, पडीक, उजाड म्हणतो, त्याच जमिनीतून.

आधी गवताची ओळख

आपल्याकडचा पाऊस वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्री ओलांडून ढग इथे येईपर्यंत रिकामे झालेले असतात. जमीन बरीचशी मुरमाड, वीतभर मातीखाली खडक. अशा जागी दाट जंगल वाढत नाही. वाढतं ते गवत, मध्ये मध्ये बोर, बाभूळ, हिवर. ही या मुलखाची मूळची ठेवण आहे. कुणी जंगल तोडलं म्हणून माळ झाला, असं सरसकट समजणं चूक.

या माळावर शेडा, डोंगरी, पवना, अंजन, कुसळी अशी कितीतरी गवतं आहेत. त्यात खोल मातीत, ओढ्याच्या काठाला, बांधाच्या कडेला जे येतं ते मारवेल. ओळखायला सोपं आहे. काडी बारीक, पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं, आणि फुलोरा आला की टोकाला जांभळट बोटं फुटल्यासारखी दिसतात. जनावर ते देठासकट खातं, कुट्टी करावी लागत नाही.

मारवेल एकदा लागलं की वर्षानुवर्षं टिकतं. एप्रिल-मे महिन्यात वरून वाळून कोळ झालेलं दिसतं, पण बुडखा जिवंत असतो. वळवाचे दोन पाऊस पडले की आठवड्यात हिरवं. नांगरायला नको, दरवर्षी पेरायला नको, पाणी द्यायला नको. फक्त एक गोष्ट त्याला सोसत नाही. बारा महिने सतत चरणं. फुटवा वर आला की लगेच खाल्ला, असं सलग चाललं तर बुडख्यातली ताकद संपते आणि मारवेल मरतं. त्याची जागा कुसळी घेते. कुसळीचं बी मेंढराच्या लोकरीत शिरतं, तोंडात टोचतं. आज आपल्या बहुतेक गायरानांवर कुसळी का दिसते, याचं उत्तर यात आहे.

म्हणजे या गवताची निगा एका शब्दात सांगायची तर विश्रांती. आणि ही अक्कल आपल्या माणसांना फार पूर्वी आली होती.

इनामगावपासून सुरुवात

शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोडनदीच्या काठावर. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने इथे उत्खनन केलं. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. सातू पिकवणारी, गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या पाळणारी माणसं. नदीचं पाणी वळवायला पाटसुद्धा खोदलेला.

पुढे इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र बदलतं. मोठी चौकोनी घरं जातात, लहान गोल झोपड्या येतात. शेती घटते, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांच्यावरचा भार वाढतो. पाऊसमान कमी झाल्यामुळे हे घडलं असावं, अशी मांडणी पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी केली.

धान्याने हात टेकले तेव्हा या लोकांना आणखी तीनशे वर्षं तगवलं ते माळावरच्या चराईने. आपल्या तालुक्यात दुष्काळाशी झगडण्याचा हा बहुधा सगळ्यात जुना पुरावा.

अलीकडे आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसरचे दिग्विजय पाटील या संशोधकांनी वेगळाच मार्ग धरला. जुन्या मराठी ग्रंथांत, ओव्यांत, लोककथांत कोणत्या गावाजवळ कोणती झाडं-झुडपं सांगितलीत ते त्यांनी शोधलं. निष्कर्ष असा की पश्चिम महाराष्ट्रातले हे माळ किमान साडेसातशे वर्षं माळच आहेत. आपण ज्या ओव्या जात्यावर ऐकल्या त्यातल्या बाभळी-बोरींनी साक्ष दिली म्हणायची.

कुरण म्हणजे राखलेलं गवत

मराठी राज्याचा कणा घोडदळ. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा, बारगिराला सरकारी घोडा मिळायचा. दोघांच्याही घोड्यांना दाणावैरण लागायची. एक तट्टू दिवसाला सात-आठ किलो वाळलं गवत खातं. हजार घोड्यांची पागा धरली तर दिवसाला सात-आठ टन, वर्षाला साधारण अडीच ते तीन हजार टन. हा हिशोब डोक्यात ठेवला की गवत ही किती मोठी राज्यकारभाराची बाब होती ते कळतं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, एवढंच आपल्याला त्यातलं माहीत असतं. पण त्या पत्राचा मोठा भाग वैरणीबद्दल आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आत्ताच उधळलं तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग रयतेला लुटायची वेळ येईल. आणि गवताच्या गंजीजवळ चुली, दिवे, चिलीम नको, रात्री दिव्याची जळती वात उंदराने पळवली तरी सगळी वैरण खाक होईल, इतक्या बारकाईने बजावलंय.

गवत राखण्यासाठी जमीन राखायची, त्याला कुरण म्हणायचे. कुरणात पावसाळाभर गुरं सोडायची नाहीत. गवत वाढू द्यायचं, बी पडू द्यायचं, मग कापायचं, गंजी रचायच्या. कापणी झाल्यावर चराई. आज कृषी विद्यापीठं चराऊ कुरण व्यवस्थापन म्हणून जे शिकवतात त्याचा गाभा हाच आहे. राखणीला माणसं असायची, मोडणाऱ्याला दंड असायचा. कुरण हे नाव मिरवणारी गावं आजही पुणे जिल्ह्यात आहेत. आपल्या शिरूरमध्ये आलेगाव पागा आहे. पागा म्हणजे घोड्यांचा तळ. गावाच्या नावात इतिहास बसलाय, आपण बसच्या पाटीवर वाचून पुढे जातो.

शिरूरची छावणी

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि कंपनीची तैनाती फौज पुणे मुलखात आली. तिची छावणी पडली शिरूरला, घोडनदीच्या काठी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली ती इथूनच, आणि १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव भीमाला पोचली. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्या तुकडीत पुण्याच्या नव्या घोडदळाचे स्वार होते. हेच घोडदळ पुढे पूना हॉर्स म्हणून नावाजलं आणि त्याचा मुक्काम बराच काळ शिरूरला होता.

छावणीसाठी शिरूरच का, याचं लष्करी कारण पुणे-नगर रस्ता आणि नदीचं पाणी. पण पाणी आणि रस्ता असून चारा नसता तर घोडदळ तिथे पंधरा दिवससुद्धा टिकलं नसतं. छावणीत स्वारामागे मोतद्दार आणि गवत कापून आणणारी माणसं असायची. या माणसांची नावं कुठल्याही स्तंभावर नाहीत. रोज पहाटे विळा घेऊन माळावर जाणाऱ्या त्या बाया-माणसांच्या जिवावर फौजा उभ्या होत्या.

भीमथडीच्या घोड्याची कीर्ती कंपनीलाही ठाऊक होती. भीमेच्या खोऱ्यात आलेगावला कंपनी सरकारने घोड्यांच्या पैदाशीचं केंद्रही चालवलं. हा घोडा अंगाने लहान, पण काटक. कमी खाऊन जास्त चालणारा.

तो घोडा संपलाय असं समजू नका. अलीकडेच राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'भीमथडी' ही स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. ती जपली कुणी? दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागणाऱ्या आपल्या धनगर बांधवांनी. बिऱ्हाड, कोकरं, करडं, सगळं त्या तट्टाच्या पाठीवर असतं. पुस्तकातला इतिहास डांबरी रस्त्याच्या कडेने चालत असतो आणि आपण हॉर्न वाजवून त्याला बाजूला सारतो.

कुरणाचं पडीक कधी झालं?

१८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापुरातून जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली. जमिनीची प्रत ठरवायची आणि तिच्यावर सारा बसवायचा. या नजरेने पाहिलं की ज्वारी-बाजरी देईल ती जमीन चांगली, गवत देईल ती हलकी. सारा देत नाही म्हणजे काही कामाची नाही, हा विचार तिथून मुरत गेला.

पुढे १८७८ चा वन कायदा आला. गावं ज्यावर जनावरं चारत होती अशा जमिनी सरकारी जंगलात गेल्या. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी हे दुखणं नेमकं पकडलंय. डोंगर, टेकड्या, पडीक, गायरानं असं सगळं जंगलखात्यात घातल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांना रानात फिरकायला जागा उरली नाही, असं ते लिहितात. १८७५ मध्ये सुपे आणि शिरूर भागात सावकारांविरुद्ध उठाव झाला, १८७६ पासून मोठा दुष्काळ पडला. त्याच दहा वर्षांत चराईही गेली. हे सगळं एका माणसावर, एका पिढीवर कोसळलं.

एक चांगली गोष्टही त्याच काळात झाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने गावच्या गुरांसाठी मोफत चराईची जमीन राखून ठेवायची तरतूद केली. तेच आपलं गायरान. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२ मध्ये ती तरतूद पुढे आली. म्हणजे गायरान ही कुणाची मेहेरबानी नव्हे, जवळपास दीडशे वर्षांचा कायदेशीर हक्क आहे.

आज काय चाललंय

स्वातंत्र्यानंतर घोडा गेला, मोटार आली. धरणं झाली, कालवे आले. जिथे पाणी पोचलं तिथे ऊस आला. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, उसाने या तालुक्यांत पोरं शिकली, घरं झाली. गंमत म्हणजे ऊसही गवतच, त्याच कुळातलं. फरक एवढाच की एक गवत पाचशे मिलिमीटरमध्ये भागवतं आणि दुसऱ्याला त्याच्या कैकपट पाणी लागतं.

पण बुटकं गवत जाऊन उंच गवत आलं, त्याचे परिणाम आपण भोगतोय. लांडगा, चिंकारा, धाविक ही उघड्या माळाची मंडळी. त्यांची जागा आक्रसली. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली चिंकाऱ्यासाठी झालं, ते साधारण पाच चौरस किलोमीटरचं. उलट दाट उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. शिरूर-जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात माणसं गेली, लहान लेकरं गेली. बिबट्याच्या प्रश्नाला बाकीही कारणं आहेत, गवत लावलं की तो सुटेल असं मी म्हणत नाही. पण जमिनीवरचं झाकण बदललं की तिथे राहणारं जनावर बदलतं, एवढं तरी आपण ओळखायला हवं.

उरलेल्या माळावर तीन बाजूंनी ओढाताण आहे.

एक, वृक्षारोपण. हेतू चांगला, फोटो चांगले येतात. पण चांगल्या गवताच्या माळावर यंत्राने चर खणून गिरिपुष्पाची रोपं लावली तर गवतही मोडतं आणि मुरमात झाडंही नीट येत नाहीत. झाडं लावा की. ओढ्याला लावा, रस्त्याला लावा, बांधाला लावा.

दोन, प्रकल्प. रांजणगाव, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती झाल्या, रोजगार मिळाला. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानं मागितली जातायत. शेतीला दिवसा वीज हवी, हे मलाही मान्य आहे. प्रश्न एवढाच की जागा निवडताना "पडीक आहे, रिकामी आहे" हे कोण ठरवतं? गावातल्या शेळीवाल्या बाईला कुणी विचारतं का?

तीन, अतिक्रमण. इथे जरा सबुरीने बोलायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असं बजावलं. पण त्याच निकालात भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या जमिनींसारखे अपवादही नमूद केलेत. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासूनचा तो लढा आहे. दोन एकर गायरान कसून पोट भरणारा भूमिहीन आणि वीस एकर तारेचं कुंपण घालून बसलेला बडा माणूस, या दोघांना एकाच तराजूत तोलणं अन्याय होईल. गायरान वाचवायच्या नावाखाली आधी गरिबाचं घर पडतं, हे आपण पाहिलंय.

मग करायचं काय?

आपल्या दोन्ही तालुक्यांत दूधधंदा मोठा. चाऱ्यासाठी आपण संकरित नेपिअर लावतो, मुरघास करतो, कडबा विकत आणतो. पाणी आहे तोवर नेपिअर चांगलंच. पण ज्याच्याकडे विहीर नाही, चार शेळ्या आणि एक गाय आहे, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी मारवेल आहे.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण काढलेत. फुले मारवेल, फुले गोवर्धन अशी नावं आहेत. जून-जुलैत चांगला पाऊस झाला की ठोंबं लावायची. दोन ओळींत दीड फूट, दोन ठोंबांत एक फूट. बांधावर लावलं तरी चालतं, बांधही फुटत नाही. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, फुलोरा यायला लागताना. कापताना बुडखा चार बोटं ठेवायचा, खरडून कापायचं नाही. पहिल्या वर्षी जनावर आत सोडायचं नाही. उन्हाळ्यात पेटवायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी विरळ झालेल्या जागी नवी ठोंबं.

गायरानासाठी जुनीच कुरणाची रीत. सगळं एकदम बंद करू नका, गरिबाच्या शेळ्या कुठे जातील? तीन भाग करा. दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद, बी पडेपर्यंत. दिवाळीच्या आसपास विळ्याने कापणी, ज्याच्याकडे जमीन नाही त्याचा हक्क पहिला. बाकीचे दोन भाग चराईला. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. नगर तालुक्यात हिवरे बाजारने चराईबंदी करून, गवत कापून न्यायची परवानगी देऊन हे करून दाखवलंय. आपल्याकडे माणसं कमी नाहीत आणि माळही कमी नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. जगात परिषदा होतील, भाषणं होतील. आपल्यासाठी मी त्यातून एकच छोटं काम काढलंय.

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारा. आपल्या गावचं गायरान कोणत्या गटात, किती हेक्टर? त्यातलं किती कुणाकडे गेलं, कोणत्या ठरावाने? आणि उरलेल्यापैकी एक तृतीयांश या पावसाळ्यात राखायला गाव तयार आहे का? उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासह टाका. जितकी गावं येतील तितक्या गावांची यादी करून मी याच पेजवर टाकीन.

आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, आपल्या शिवारात कुठे कुठे कुरण होतं. कागदावर पडीक लिहिलेल्या कितीतरी गटांची खरी नावं अजून त्यांच्याच तोंडी आहेत. तीही लिहून पाठवा.